निरोगी मुलाचीही तपासणी कशासाठी?

मूल आजारी पडले म्हणजे त्याला डॉक्टरांकडे न्यावे, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतही कोणाला समजावून सांगावी लागत नाही. परंतु मूल हसते-खेळते आहे, अंगावर दूध पिते आहे, रात्री शांत झोपते आहे, अशा वेळी त्याला आरोग्य केंद्रात कशासाठी न्यावयाचे, हा प्रश्न मात्र अद्यापही अनेक घरांतून विचारला जातो. त्यासाठी कामाचा दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि 'चांगल्या लेकराला उगाच दवाखाना कशाला दाखवायचा?' असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडते. काही घरांतून मुलाचे वजन केल्यास त्याला दृष्ट लागते, अशीही समजूत आढळते.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज पालक मुलाला घेऊन नियमितपणे येणार नाहीत. आणि ते देण्याची जबाबदारी केवळ डॉक्टरांची नसून शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि गावपातळीवरील प्रत्येक कर्मचाऱ्याची आहे. थोडक्यात उत्तर असे की, बालपणातील अनेक व्याधी व व्यंगे वेदना देत नाहीत. ऐकू न येणारे तान्हे मूल त्यामुळे रडत नाही. एका डोळ्याने अंधुक दिसणाऱ्या मुलाला इतरांना कसे दिसते हेच ठाऊक नसल्याने ते तक्रार करीत नाही. ज्याची वाढ खुंटू लागली आहे असे मूल काही आठवडे पूर्वीसारखेच खेळत राहते. ही लक्षणे घरच्यांच्या ध्यानात येतात, तोवर उपचाराचा उत्तम काळ पुष्कळदा निघून गेलेला असतो.

टप्पे जुने, तपासणी नवी

मुलाच्या वाढीचे टप्पे ओळखून ते साजरे करण्याची रीत मराठी घराला नवी नाही. पाचव्या दिवशी पाचवी पुजली जाते, बाराव्या दिवशी बारसे होते, सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण केले जाते, संक्रांतीला बोरनहाण घातले जाते. आरोग्यशास्त्राने आखलेले वेळापत्रकही असेच वयाच्या टप्प्यांवर बेतलेले आहे. फरक इतकाच की, येथे प्रत्येक टप्प्यावर काही मोजावयाचे असते, काही पाहावयाचे असते आणि पाहिलेले लिहून ठेवावयाचे असते.

पहिला टप्पा जन्मानंतरच्या सहा आठवड्यांचा. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास आशा स्वयंसेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ-बाळंतिणीची पाहणी करते. प्रसूती घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची भेट त्यात वाढते. या गृहभेटींच्या पद्धतीचा उगम महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांच्या साहाय्याने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे या अनुभवाच्या आधारे ही पद्धत देशभर स्वीकारण्यात आली.

या भेटीत बाळाचे वजन व तापमान घेतले जाते. नाळ, डोळे व त्वचा पाहिली जाते. बाळ अंगावर नीट पिते की नाही, हे प्रत्यक्ष पाहिले जाते. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटते, हे पाहून आईने घाबरून जाण्याचे कारण नाही. जन्मवजनाच्या सुमारे दहा टक्क्यांपर्यंतची घट स्वाभाविक असून बहुतेक बाळे दहा दिवसांच्या सुमारास ती भरून काढतात. मात्र बाळ दूध ओढेनासे झाले, अंगाला गार लागू लागले, मिनिटाला साठ किंवा अधिक वेळा श्वास घेऊ लागले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, त्याला झटके आले किंवा तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा पसरला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे.

त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात आशा स्वयंसेविकेने पुन्हा घरी यावे, अशी योजना २०१८ पासून आहे. याशिवाय अंगणवाडीत दरमहा वजन घेतले जाते आणि लसीकरणाच्या प्रत्येक सत्रात आरोग्य सेविका मुलाला पाहते.

तपासणीच्या दिवशी काय घडते?

तपासणी म्हटली की सुई, ही सर्वसामान्य कल्पना आहे. वास्तविक सुई हा तपासणीचा एक लहानसा भाग होय. पालकांनी पुढील गोष्टी घडतील अशी अपेक्षा धरावी, आणि त्या घडल्या नाहीत तर विचारणा करावी.

प्रथम मोजमाप. मुलाला शक्य तितक्या कमी कपड्यांत वजनकाट्यावर ठेवावे आणि त्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, हे पाहावे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाची लांबी त्याला आडवे ठेवून मोजतात, त्यापुढे उभे करून उंची घेतात. सर्वसाधारणपणे जन्मवजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट व वर्षात तिप्पट होते. जन्मतः सुमारे ५० सेंटीमीटर असलेली लांबी वर्षअखेर ७५ सेंटीमीटरच्या आसपास जाते. लहान बाळाच्या डोक्याचा घेरही मोजला जातो, कारण डोके फार वेगाने वाढणे किंवा न वाढणे या दोन्ही गोष्टी मेंदूच्या वाढीविषयी काही सांगत असतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीने घेतात. तो ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित समजले जाते, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असला तर ते मध्यम कुपोषित गणले जाते. दोन्ही पावलांवर सूज असून बोटाने दाबल्यावर खळगा पडत असेल, तर मोजमाप काहीही असो, ते तीव्र कुपोषणाचे गंभीर लक्षण समजावे.

दुसरी गोष्ट विकासाची पाहणी. साधारण दोन महिन्यांचे मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसते, चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते, आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसते, वर्षाच्या सुमारास आधाराने उभे राहते व एखाददुसरा अर्थपूर्ण शब्द उच्चारते. दीड वर्षापर्यंत ते चालू लागावे आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलू लागावे. मुलामुलांत थोडे पुढेमागे होतेच. परंतु दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल किंवा पूर्वी बोलत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तर 'त्याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते' एवढ्यावर समाधान मानू नये.

तिसरी गोष्ट लसीकरण. जन्मतः बीसीजी, पोलिओ व काविळीची लस. सहा, दहा व चौदा आठवड्यांना पंचसंयुक्त, पोलिओ व रोटाव्हायरस. सहा व चौदा आठवड्यांना न्यूमोनियाप्रतिबंधक लस व पोलिओचे इंजेक्शन, आणि या दोहोंची पुढची मात्रा नवव्या महिन्यात. नऊ ते बारा महिन्यांत गोवर-रुबेलाची पहिली व सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी मात्रा. पुढे पाच-सहा वर्षांचे, दहा व सोळा वर्षांचे डोस, असा हा क्रम आहे. लस दिल्यावर आरोग्य सेविकेने चार गोष्टी सांगणे अपेक्षित आहे : आज कोणती लस दिली, तिच्यामुळे कोणता किरकोळ त्रास संभवतो व त्यावर काय करावे, पुढची तारीख कोणती, आणि त्या वेळी कार्ड सोबत आणावे. पालकांनी अर्धा तास केंद्रावर थांबावे. नंतर थोडा ताप किंवा टोचल्या जागी दुखणे यांत भिण्यासारखे काही नाही. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी येणारी पुळी आपोआप बरी होऊन वण ठेवते. तिला कोणतेही औषध लावू नये.

चौथी गोष्ट संभाषण. मूल काय खाते, किती वेळा खाते, शौचास कसे होते, झोप कशी आहे, घरात कोण सांभाळते, हे विचारले गेले पाहिजे. आणि आईने आपली शंका बोलून दाखविली पाहिजे. 'हाक मारली तर वळून बघत नाही' किंवा 'एक पाय ओढल्यासारखा टाकतो' हे आईचे एक वाक्य पुष्कळदा यंत्राच्या आधी रोग दाखविते. म्हणून शक्यतो मुलाला रोज सांभाळणारी व्यक्तीच तपासणीस यावी. आई शेतावर जात असेल आणि आजी सांभाळत असेल, तर आजीचे येणे अधिक उपयोगाचे.

एक आकडा नव्हे, एक रेषा

माता बाल संरक्षण कार्डावर मुलींसाठी गुलाबी व मुलांसाठी निळा असा वाढीचा आलेख छापलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या मानकांवर तो आधारलेला आहे. अशा आलेखाची कल्पना रुजविण्याचे श्रेय डॉ. डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांकडे जाते. नायजेरियातील खेड्यात काम करताना आईच्या हातीच मुलाच्या वाढीची नोंद असावी, हे त्यांनी ओळखले.

या आलेखाचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, आठ महिन्यांच्या दोन मुली आहेत आणि दोघींचे वजन सात-सात किलो आहे. दोघींचाही बिंदू आलेखाच्या हिरव्या पट्ट्यात पडतो. त्या दिवसापुरते पाहिल्यास दोघी सारख्याच. आता मागील नोंदी पाहू. पहिलीचे वजन चौथ्या महिन्यात ५.२ किलो, सहाव्यात ६.२ आणि आता ७ किलो. ती जन्मतः लहानखुरी असली तरी तिची रेषा सतत वर चढत आहे. दुसरीचे वजन चौथ्या महिन्यात ६.४, सहाव्यात ७.२ आणि आता ७ किलो. तिची रेषा खाली वळली आहे. पहिलीच्या आईला शाबासकी द्यावयाची आणि दुसरीच्या घरी त्याच आठवड्यात चौकशी करावयाची. वरचा आहार वेळेवर सुरू झाला नाही काय? नुसते वरणाचे पाणी किंवा भाताची पेज दिली जाते काय? मध्यंतरी हगवण झाली होती काय? पातळ पेजेऐवजी मऊ वरण-भात, त्यात चमचाभर तेल किंवा तूप, कुस्करलेले केळे, शक्य असल्यास अंडे, असा घट्ट आहार दिवसातून तीन-चार वेळा दिल्यास आणि दुखणे असेल ते दूर केल्यास ही रेषा पुन्हा वर वळविता येते. दुसऱ्या मुलीच्या मागील दोन नोंदी कार्डावर नसत्या, तर ती निरोगी म्हणून घरी परत गेली असती. कोरे कार्ड म्हणजे न झालेली तपासणीच होय.

शाळेच्या उंबरठ्यावर

शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. भारतात अशी पहिली तपासणी १९०९ साली, सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, बडोदा शहरात झाली. तथापि, १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात देशात शालेय आरोग्य सेवा जवळजवळ नाहीच, असा निर्वाळा दिला. १९६० साली श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने या प्रश्नाचा पुन्हा ऊहापोह केला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेच्या सहा सेवांमध्ये आरोग्य तपासणी व संदर्भ सेवा या दोहोंचा समावेश करण्यात आला. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ झाला.

या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. फिरत्या पथकात एक पुरुष व एक स्त्री असे दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वे व लोह यांची उणीव, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार गटांतील सुमारे तीस दोषांचा शोध घेतला जातो. दोष आढळलेल्या मुलास ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते आणि आवश्यक ते उपचार, शस्त्रक्रियेसह, विनामूल्य केले जातात.

येथे काळाचे महत्त्व विसरता येत नाही. पाऊल आत वळलेले मूल जन्मल्यानंतर लवकर आणले, तर दर आठवड्याला बदलत जाणाऱ्या प्लॅस्टरने ते पाऊल बहुतेक वेळा सरळ करता येते. पुढे काही वर्षे रात्री विशिष्ट बूट वापरावे लागतात. तेच मूल शाळेच्या वयात आले, तर उपचार कठीण होतात. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झाली तर वाणी स्पष्ट होण्यास मदत होते. जन्मतः असलेला मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांतच ओळखावा लागतो. ऐकू न येण्याचा दोष तीन महिन्यांच्या आत निश्चित व्हावा आणि सहा महिन्यांच्या आत उपाययोजना सुरू व्हावी, असे शास्त्र सांगते. कारण भाषा कानावाटेच येते. एका डोळ्याची मंद झालेली नजर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास सुधारण्याची आशा अधिक असते.

म्हणून शिक्षकाची नजर ही पथकाच्या येण्यापूर्वीची तपासणी ठरते. फळ्यावरचे पाहण्यासाठी डोळे बारीक करणारा, हाक मारल्यावर उत्तर न देणारा, मैदानावर इतरांपूर्वी धाप लागणारा, अंगावर बधिर चट्टा असलेला विद्यार्थी शिक्षकाला वर्षभर दिसत असतो. पथकाला तो काही मिनिटेच दिसतो. अशा मुलांची यादी पथक येण्यापूर्वी तयार ठेवल्यास त्या मिनिटांचे सार्थक होते. मात्र तपासणीचा निष्कर्ष वर्गासमोर वाचून दाखवू नये. मुलींची तपासणी स्त्री डॉक्टरांनी आडोशाला करावी. मुलांची मने दुखावली गेली, तर पुढच्या वर्षी तीच मुले त्या दिवशी नेमकी गैरहजर राहतात.

चिठ्ठीनंतर काय?

सर्व योजनेची खरी कसोटी तपासणीच्या दिवशी लागत नाही. ती त्यानंतरच्या महिन्यात लागते. पथकाने चिठ्ठी दिली, पालकांनी ती जपून ट्रंकेत ठेवली आणि मूल जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेच नाही, असे घडते. यात दरवेळी अज्ञान असतेच असे नाही. दोन दिवसांची मजुरी, एसटीचे भाडे, घरी राहिलेली दुसरी मुले, रुग्णालयात कोणाला भेटावयाचे हे ठाऊक नसणे, आणि 'मोठे होईल तसे सुधारेल' ही आशा, या सर्वांचे ओझे त्या चिठ्ठीवर असते. दोष सापडला पण उपचार झाले नाहीत, तर तपासणीने त्या मुलाला काहीच दिले नाही.

ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचा प्रश्न तर याहून बिकट आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांच्या पट्ट्यात जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात गावातील अंगणवाडीच्या वहीत मूल 'स्थलांतरित' म्हणून नोंदले जाते आणि जेथे कोपी उभी राहिली आहे तेथील वहीत त्याचे नाव नसते. दहा फेब्रुवारीचा जंतनाशक दिन, 'अ' जीवनसत्त्वाची सहामाही मात्रा, गोवर-रुबेलाची लस हे सारे याच महिन्यांत चुकण्याचा संभव असतो. ज्यांना तपासणीची गरज सर्वांत अधिक, तीच मुले तिच्या बाहेर राहतात. यावर पहिला उपाय साधा आहे : निघताना प्रत्येक कुटुंबाने कार्ड बरोबर न्यावे, अंगणवाडी सेविकेने राहिलेल्या लसी त्यावर ठळकपणे लिहून द्याव्यात, आणि ज्या गावाच्या शिवारात टोळी उतरली असेल त्या गावच्या सेविकेने व आशा स्वयंसेविकेने तळावर जाऊन मुलांची नोंद करून घ्यावी. मूल कोणत्या गावचे, हा प्रश्न लस देताना गौण मानला पाहिजे.

ग्रामपंचायतीला येथे मोठे कार्य करता येईल. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत किती मुलांची तपासणी झाली हा आकडा वाचला जातो; त्याबरोबरच पुढे पाठविलेल्या मुलांपैकी किती प्रत्यक्ष पोहोचली व किती राहिली, हे विचारले जावे. राहिलेल्या प्रत्येक मुलामागे एका सदस्याने जबाबदारी घ्यावी. जाण्याचा दिवस ठरवून द्यावा, सोबतीला कोणी द्यावे, आणि परत आल्यावर पुढील तारीख विचारावी. वजनकाटा बिघडला असेल तर त्याची दुरुस्ती, तपासणीसाठी आडोशाची खोली, पिण्याचे पाणी या बाबीही पंचायतीच्या आवाक्यातल्या आहेत.

पालकांकडून अपेक्षा फार नाही. कार्ड पिशवीत घालून कोरडे ठेवावे, दिलेली तारीख चुकवू नये, आणि केंद्रातून निघताना तीन प्रश्न विचारावेत : मुलाची रेषा वर चढली काय? त्याच्या वयाला साजेसे ते करते काय? पुन्हा केव्हा आणावयाचे? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या आईला मिळाली, तिचा बुडालेला दिवस वाया गेला नाही. निरोगी मुलाची तपासणी करावयाची ती हे निरोगीपण टिकले आहे याची खात्री करून घेण्यासाठी. आणि ते ढळू लागले असल्यास हाती वेळ शिल्लक असतानाच ते समजावे यासाठी.